चौघांचं गाव : लिव्हरपूल

बालमित्रांनो, तुमच्या वहीच्या शेवटच्या पानावर कुणाचं नाव लिहिलेलं आहे? लाजू नका! मी चौथीच्या वर्गाला शिकवते, त्यामुळे शेवटच्या पानांची मला चांगलीच माहिती आहे. कुणाच्या पानावर क्रिकेटपटू असतो, कुणाच्या पानावर सिनेमातला हीरो. अलीकडे कोरियातल्या ‘बीटीएस’ या बँडमधल्या सातही मुलांची नावं न अडखळता सांगणाऱ्या मुली वर्गात आहेत. महाराष्ट्रातल्या सात नद्या विचारल्या, की मात्र त्यांची गाडी कृष्णा-कोयनेपाशीच थांबते!

असू दे. आज मी रागावणार नाही. उलट तुम्हाला अशा एका गावी नेणार आहे, जिथल्या रस्त्यांवर, भिंतींवर, एवढंच काय, विमानतळावरसुद्धा एका बँडचीच खूण आहे. तिथं गाणी आहेतच, पण त्याहून मोठी गंमत वेगळी आहे. कुणावर जीव जडला, की त्या प्रेमाचं पुढं काय काय होतं, हे त्या गावात फिरता फिरता दिसतं. तिकीट लागणार नाही. फक्त नकाशा उघडा.

युरोपच्या डाव्या कडेला इंग्लंड सापडलं? आता त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर बोट फिरवा. मर्सी नावाची नदी जिथं समुद्राला मिळते, तिथं लिव्हरपूल हे बंदर आहे. एके काळी जगातल्या फार मोठ्या बंदरांपैकी हे एक. या बंदराशी आपलं जुनं नातं आहे बरं का! १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथून येणारा कापूस बंद झाला. लिव्हरपूलच्या आसपासच्या कापडगिरण्यांना कापूस हवाच होता. मग आपल्याकडचा कापूस मुंबई बंदरातून जहाजांत भरून लिव्हरपूलला जाऊ लागला. मुंबईत तेव्हा पैशाचा पूर आला होता. युद्ध संपलं आणि तो पूर ओसरलाही.

आता पुढची गंमत ऐका. याच गावात कापसाच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरी करणारे एक गृहस्थ होते. त्यांचा मुलगा पॉल मॅकार्टनी. दुसरा मुलगा जॉन लेनन, त्याचे वडील खलाशी. तिसरा जॉर्ज हॅरिसन, त्याचे वडील बसवर नोकरीला. चौथा रिंगो स्टार, लहानपणी आजारपणामुळे महिनोन्‌महिने हॉस्पिटलात पडून राहिलेला. चौघंही साध्या घरांतले. त्यांचा बँड म्हणजे ‘बीटल्स’. लग्नाच्या वरातीत वाजतो तो बँड नव्हे! तिघांच्या गळ्यात गिटार, एक जण ड्रमवर, गाणारे तेच आणि गाणी रचणारेही तेच. हे नाव त्यांनी १९६० साली घेतलं. रिंगो मात्र १९६२ साली आला. कसा आला आणि त्यावरून गावात केवढं रामायण झालं, ते पुढं सांगते.

तळघरातली गर्दी

चला, पहिला थांबा. मॅथ्यू स्ट्रीट ही अगदी अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना जुन्या वखारी. एका वखारीच्या तळघरात १६ जानेवारी १९५७ रोजी ‘कॅव्हर्न’ नावाचा क्लब सुरू झाला. कॅव्हर्न म्हणजे गुहा. नाव अगदी शोभून दिसतं! विटांच्या कमानी, बुटकं छत, भिंतींवरून ओघळणारं पाणी. हवा यायला जागा नाही. दुपारच्या सुट्टीत आसपासच्या कचेऱ्यांतल्या मुलीमुलं जिना उतरून खाली यायची. सूप नाहीतर पाव खात गाणी ऐकायची आणि घंटा-दीड घंट्यानं पुन्हा कामावर पळायची. कपड्यांना येणाऱ्या कुबट वासावरून साहेबांना बरोबर कळायचं, की स्वारी कुठं जाऊन आली!

बीटल्स इथं १९६१च्या फेब्रुवारीपासून वाजवू लागले. १९६३च्या ऑगस्टपर्यंत त्यांनी या तळघरात जवळजवळ तीनशे वेळा कार्यक्रम केले. ऐकणारे आणि गाणारे यांच्यात जेमतेम दोन हातांचं अंतर. गाणं संपलं, की समोरची मुलगी नावानं हाक मारून सांगायची, “आता अमुक गाणं म्हण.” तोही म्हणायचा. म्हणजे आपल्या गल्लीतल्या गणेशोत्सवात शेजारचाच दादा पेटीवर बसावा, तसं.

या गर्दीत फ्रेडा केली नावाची एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी असे. एका कचेरीत ती टायपिस्ट होती. एकदा दुपारी कुणीतरी ‘चल’ म्हणालं आणि फ्रेडा गेली. मग काय, ती जातच राहिली. तिचं नाव लक्षात ठेवा. या चौघांची गोष्ट सगळेच सांगतात. आपण मात्र फ्रेडाच्या मागोमाग फिरणार आहोत.

“ते आमचे आहेत!”

जवळच एक रेकॉर्डचं दुकान होतं. ते चालवणारा तरुण म्हणजे ब्रायन एपस्टाईन. ९ नोव्हेंबर १९६१ रोजी तो हा गलका बघायला तळघरात उतरला आणि थोड्याच दिवसांत बीटल्सचा व्यवस्थापक झाला. त्यानं त्यांना नीटनेटके कपडे घालायला लावले. स्टेजवर खाणंपिणं बंद केलं.

तेव्हा बँडमध्ये ड्रम वाजवायला रिंगो नव्हता. पीट बेस्ट नावाचा देखणा मुलगा होता. मुली त्याच्यावर जीव टाकायच्या. १९६२च्या ऑगस्टमध्ये त्याला काढून रिंगोला घेतलं, आणि कॅव्हर्नमध्ये भडका उडाला. लोकांनी घोषणा दिल्या, “पीट हवा, रिंगो नको!” धक्काबुक्कीत जॉर्जच्या डोळ्यावर असा ठोसा बसला, की डोळा काळानिळा झाला. मारणारे कोण होते? शत्रू नव्हे, चाहतेच!

थांबा, इथं थोडा विचार करू. कालपर्यंत टाळ्या वाजवणारे हात आज मुठी कशा झाले? त्यांना वाटत होतं, बँड आमचा आहे. आम्हाला न विचारता त्यात बदल करायचा म्हणजे काय? ‘मला आवडतं’ या वाक्याचं ‘माझं आहे’ कधी होतं, ते आपल्यालासुद्धा कळत नाही. तुमच्या जिवलग मैत्रिणीनं दुसरीच्या शेजारी बसायचं ठरवलं, की तुमच्या पोटात कसं होतं, ते आठवा. तसंच हे.

पुढं आणखी एक नवल घडलं. १९६३च्या सुरुवातीला बीटल्सचं एक गाणं इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर पोचलं. ही आनंदाची बातमी कॅव्हर्नमध्ये सांगितली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट व्हायला हवा होता ना? तिथं असलेली माणसं सांगतात, की सगळीकडे शांतता पसरली. मुलींच्या लक्षात आलं, आता हे जाणार. आता ते लंडनचे होणार, साऱ्या जगाचे होणार. आपल्या माणसाचं भलं झालं म्हणून डोळ्यांत पाणी, आणि आपला माणूस दूर जाणार म्हणूनही पाणी! ताई नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेली, तेव्हा तुमच्या घरात असंच झालं असेल, नाही?

पत्रांचा पाऊस

फ्रेडा रडत बसली नाही. ती कामाला लागली. एपस्टाईननं तिला आपल्याकडे नोकरीवर घेतलं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. बीटल्सच्या चाहत्यांच्या क्लबचं काम तिच्याकडे आलं. क्लबचा पत्ता काय द्यायचा? तिनं बिनधास्त आपल्या घरचाच दिला. झालं! पत्रांची पोतीच्या पोती दारात येऊन पडू लागली. त्या ढिगाऱ्यात वडिलांना स्वतःची गॅसची बिलंसुद्धा सापडेनात. मग पत्ता बदलावा लागला.

त्या पत्रांत काय काय मागण्या असत! कुणाला सही हवी, कुणाला कपड्याचा तुकडा, कुणाला केस. एका मुलीनं तर उशीचा अभ्रा पाठवला. का, तर रिंगोनं त्यावर एक रात्र झोपावं आणि मग तो परत पाठवावा! आपण असतो तर हसून अभ्रा बाजूला टाकला असता. फ्रेडा तो घेऊन रिंगोच्या आईकडे गेली आणि मुलीची इच्छा तिनं पुरी करून घेतली. कारण ती स्वतः चाहती होती. वाट बघणं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं.

एकदा तिच्या हाताखालच्या एका मुलीनं बीटल्सचे केस म्हणून भलत्याच कुणाचे तरी केस पाठवून दिले. फ्रेडाला हे कळलं, तेव्हा तिनं गय केली नाही. मदतनीस मुलींना तिनं कामावरून काढून टाकलं. दूर कुठल्या तरी गावातली मुलगी तो केस वहीत जपून ठेवणार. तिला फसवायचं? छे!

बघा हं, प्रेम तेच आहे, पण त्याचं रूप बदललं. तळघरात पहिल्या रांगेत उभी राहणारी मुलगी आता जबाबदार बाई झाली होती.

गाणं ऐकूच येईना!

आता टाऊन हॉलकडे वळू. रुंद रस्ता आणि वर मोठा सज्जा. १० जुलै १९६४ या दिवशी चौघं आपल्या गावी परत आले. मधल्या काळात ते जगभर गाजले होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात ते दिसले, तेव्हा सुमारे सात कोटी तीस लाख लोकांनी त्यांना पाहिलं होतं! तरी गावी येताना त्यांच्या मनात धाकधूक होती. आपण लंडनला निघून गेलो म्हणून गाववाले रागावले असतील का? विमानतळापासून मोटार निघाली, आणि बघतात तो काय! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे दोन लाख माणसं उभी. त्यात ओळखीचे चेहरे. गावानं रुसवा सोडला होता.

पण या वेडानं एक विचित्र गोष्ट केली. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. पंचावन्न हजारांवर माणसं, आणि बहुतेक सगळी किंचाळत होती! गाणाऱ्यांना स्वतःचं गाणं ऐकू येईना. ड्रमवरच्या रिंगोला पुढच्या तिघांच्या हालचालींवरून ओळखावं लागे, गाणं कुठवर आलंय ते! म्हणजे गंमत अशी, की कॅव्हर्नमध्ये मोजकी माणसं गाणं ऐकत होती, आणि स्टेडियममध्ये हजारो माणसं असून गाणं ऐकणारं कुणीच नव्हतं.

१९६६ साली तर वेडाचं दुसरं टोक दिसलं. जॉनचं धर्माविषयीचं एक बोलणं अमेरिकेत छापून आलं. लोक चिडले. दक्षिणेकडच्या काही गावांत होळ्या पेटल्या आणि मुलामुलींनी बीटल्सच्या रेकॉर्डी त्यात टाकल्या. ज्या रेकॉर्डीसाठी खाऊचे पैसे साठवले, त्याच आगीत! कुणाला डोक्यावर घेतलं, की त्याला आपटणंही किती सोपं असतं, बघा. त्याच वर्षी २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत कार्यक्रम झाला, आणि त्यानंतर बीटल्सनी गावोगावचे जाहीर दौरे कायमचे बंद केले. ते स्टुडिओत शिरले. तिथं कुणी किंचाळत नव्हतं. निवांतपणे नवे सूर शोधता येत होते.

बीटल जेव्हा स्वतः चाहता होतो

आता जरा मुंबईला येऊन जाऊ या. हो, मुंबईलाच!

चौघांतला सर्वांत लहान जॉर्ज. त्यानं सतार ऐकली आणि त्याला तिचं वेड लागलं. पंडित रविशंकरांची ओळख झाल्यावर त्यानं शिष्य व्हायचं ठरवलं. १९६६च्या सप्टेंबरात तो सतार शिकायला मुंबईत आला आणि ताजमहाल हॉटेलात उतरला. लोकांनी ओळखू नये म्हणून मिशाही वाढवल्या होत्या! पण बातमी फुटलीच. हॉटेलाखाली मुलामुलींची ही झुंबड! शिकवणी होणार कशी? शेवटी गुरुशिष्य काश्मीरला गेले आणि तिथं हाऊसबोटीत रियाझ सुरू झाला. पुढं १९६८च्या जानेवारीत जॉर्ज पुन्हा मुंबईत आला आणि आपल्याकडच्या वादकांना घेऊन त्यानं एका चित्रपटासाठी संगीत ध्वनिमुद्रित केलं. पुढच्याच महिन्यात चौघंही ध्यानधारणा शिकायला ऋषिकेशला पोचले होते.

जॉर्ज रविशंकरांचा चाहता होता. पण त्यानं त्यांच्याकडे केस मागितले नाहीत. मांडी घालून बसायला पाय तयार नव्हते, तरी तो बसला. बोटं दुखली, तरी सराव केला. पुढं त्याला उमगलं, की सतार हे जन्मभराचं काम आहे. आपल्याला उत्तम सतारिया काही होता येणार नाही. मग त्यानं पुन्हा गिटार हाती घेतली. म्हणून प्रेम आटलं का? मुळीच नाही. १९७१ साली बांगलादेशातल्या लाखो माणसांवर संकट आलं. त्यांच्यासाठी काहीतरी करायला हवं, असं रविशंकरांनी सांगताच जॉर्जनं १ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये मोठा मदत-कार्यक्रम उभा केला. त्या कार्यक्रमातला एक किस्सा तर ऐकाच. रविशंकर आणि त्यांचे साथीदार वाद्यं सुरात लावत होते. ते थांबले आणि श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला! रविशंकर हसून म्हणाले, की वाद्यं लावणंच तुम्हाला एवढं आवडलं असेल, तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. सगळे हसले. पण किती खरं आहे ना? टाळी वाजवणं सोपं असतं. ऐकायला मात्र शिकावं लागतं.

या गुरुशिष्यांची मैत्री २००१ साली जॉर्ज जाईपर्यंत टिकली.

चोरीला जाणारा रस्ता

परत लिव्हरपूलला चला. गावाबाहेरच्या बाजूला पेनी लेन नावाचा साधा रस्ता आहे. न्हाव्याचं दुकान, बँक, बसचा थांबा. पॉलनं आपल्या या रस्त्यावर गाणं केलं आणि १९६७ साली ते जगभर वाजलं. मग काय झालं असेल? लोक येऊन रस्त्याच्या नावाची पाटीच उचकटून नेऊ लागले! नगरपालिका नवी पाटी लावी, ती पुन्हा गायब. शेवटी पाटीचा नाद सोडून नाव थेट भिंतीवर रंगवायची वेळ आली.

सांगा बरं, पाटी नेणाऱ्याला काय मिळालं? एक पत्र्याचा तुकडा. आणि त्याच्या मागून आलेल्याला? काहीच नाही. हजारो मैल प्रवास करून तो आला आणि रस्ताच हरवलेला!

तिथून थोडं पुढं गेलं, की लाल रंगाचं लोखंडी फाटक लागतं. हे स्ट्रॉबेरी फील्ड. सॅल्व्हेशन आर्मी या संस्थेनं १९३६ साली इथं मुलांचं वसतिगृह सुरू केलं होतं. जॉन जवळच मावशीकडे राहायचा आणि या बागेत खेळायला यायचा. पुढं तेही नाव गाण्यात गेलं. वसतिगृह २००५ साली बंद झालं. तरी लोक येतच राहिले. बंद फाटकापाशी उभे राहायचे, फोटो काढायचे आणि जायचे. मग संस्थेनं छान युक्ती केली. २०१९ साली ही जागा सगळ्यांसाठी उघडली. आता आत प्रदर्शन आहे, बाग आहे, आणि ज्या तरुण मुलामुलींना शिकायला अडचणी येतात, त्यांना नोकरीसाठी तयार करण्याचं कामही तिथं चालतं. जगभरच्या चाहत्यांचं येणं अशा रीतीनं कुणाच्या तरी उपयोगी पडतं. एकाच गावात प्रेमाच्या या दोन तऱ्हा, पाटी उपटून नेणारी आणि फाटक उघडायला लावणारी!

जॉनच्या मावशीचं घर आणि फोर्थलिन रोडवरचं पॉलचं छोटंसं घरही पाहता येतं. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे ती आहेत. या घरांत राजवाड्यासारखं काही नाही. पॉलच्या घरी बाहेरची खोली एवढीशी. शाळा चुकवून दोघं तिथं गिटार घेऊन समोरासमोर बसायचे आणि वहीत गाणी लिहायचे. (शाळा चुकवून, हे मी तुम्हाला सांगायला नको होतं!) पॉल चौदा वर्षांचा असताना त्याची आई आजारानं गेली. जॉन सतरा वर्षांचा असताना त्याची आई रस्त्यावरच्या अपघातात गेली. त्या दोन मुलांची दोस्ती कशानं घट्ट झाली असेल, ते त्या खोलीत उभं राहिल्यावर न सांगता कळावं.

पाडलेली आणि पुन्हा बांधलेली गुहा

१९७० साली बँड फुटला. चौघं चार वाटांनी गेले. फ्रेडाचंही लग्न झालं होतं, घरसंसार सुरू झाला होता. १९७२ साली चाहत्यांच्या क्लबचं काम थांबलं. आणि १९७३ साली मॅथ्यू स्ट्रीटवरचं ते तळघरही बंद पडलं. जमिनीखालून जाणाऱ्या रेल्वेला हवा मिळावी म्हणून तिथं विहिरीसारखा खड्डा घ्यायचा होता, म्हणून वखार पाडली. पण तो खड्डा कधी झालाच नाही! त्या जागी मोटारी उभ्या राहू लागल्या. तेव्हा गावाला त्याचं फारसं दुःख झालं नाही. ‘ती पोरं गेली, ते दिवस गेले,’ असं म्हणून गाव कामाला लागलं. बंदरातला धंदा कमी होत चालला होता, नोकऱ्या जात होत्या. गाण्यांची आठवण काढायला वेळ कुणाला होता?

मग ८ डिसेंबर १९८० उजाडला. न्यूयॉर्कमध्ये जॉनवर त्याच्या घरासमोरच गोळ्या झाडल्या गेल्या आणि तो गेला. ज्यानं हे केलं, त्यानं त्याच दिवशी जॉनची सही घेतली होती. हे सांगताना मला जड जातं, पण तुम्ही मोठे होत आहात, म्हणून सांगते. दुसऱ्याला माणूस न समजता आपल्या मालकीची वस्तू समजायला लागलं, की माणूस कुठल्या थराला जाईल, याचा नेम नाही. याला प्रेम म्हणत नाहीत.

त्या आठवड्यात लिव्हरपूलमध्ये हजारो माणसं एकत्र जमली आणि शांत उभी राहिली. ज्या गावानं तळघर पाडू दिलं होतं, त्या गावाला आपलं काय हरवलं ते आता समजलं. १९८४ साली त्याच जागी, पाडलेल्या जुन्या विटांपैकी हजारो विटा वापरून, कॅव्हर्न पुन्हा उभा राहिला. आज तिथं रोज कुणी ना कुणी गातं. दर ऑगस्टमध्ये देशोदेशींचे बँड येऊन बीटल्सची गाणी वाजवतात. विमानतळाला जॉनचं नाव दिलेलं आहे. आणि एक लक्षात घ्या, जुनं गाणंही जुनं झालेलं नाही. जॉननं घरी टेपवर म्हणून ठेवलेलं एक गाणं राहिलेल्या सोबत्यांनी पुरं केलं. २०२३ साली ते बाहेर आलं आणि इंग्लंडात पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याआधीचा त्यांचा पहिला क्रमांक १९६९ सालचा. मध्ये चोपन्न वर्षं!

फ्रेडाची खोकी

आणि फ्रेडा? तिच्याकडे एके काळी सह्या, फोटो, पत्रं यांचा खजिना होता. विकला असता तर श्रीमंत झाली असती. पण त्यातलं बरंच काही तिनं चाहत्यांनाच वाटून टाकलं. थोडी खोकी माळ्यावर राहिली. ती पुन्हा सेक्रेटरीची नोकरी करू लागली. जगातल्या सर्वांत गाजलेल्या चौघांसाठी आपण अकरा वर्षं काम केलं, याचा तिनं गवगवा केला नाही. आजी झाल्यावर मात्र तिला वाटलं, नातवाला कळायला हवं, आजीनं तरुणपणी काय केलं ते. म्हणून ती बोलली आणि २०१३ साली तिच्यावर एक माहितीपट आला. त्या चौघांची घरातली गुपितं सांगा, असं कुणी विचारलं, की ती आजही हसून विषय बदलते. ज्यांच्यावर जीव लावला, त्यांची झाकली मूठ तिनं झाकलेलीच ठेवली.

कैरीचं लोणचं घातल्या घातल्या कसं झणझणीत लागतं! मुरायला वेळ लागतो. चाहतेपणाचंही तसंच आहे. आधी आवाज असतो, हट्ट असतो, भांडण असतं. काही जणांचं तिथंच नासतं. ज्यांचं मुरतं, त्यांच्याकडे मग ऐकणं उरतं, शिकणं उरतं, सांभाळून ठेवणं उरतं.

आईबाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. मुलीनं भिंतीवर पोस्टर चिकटवलं, तर लगेच नाक मुरडू नका. ‘काय ते खूळ!’ म्हणण्याआधी तिच्या शेजारी बसून एक गाणं पुरं ऐका. कळलं नाही तर तिला विचारा. ती आनंदानं सांगेल. आणि तुमच्या तरुणपणी तुम्ही कुणासाठी रेडिओला कान लावून बसत होता, ते तिलाही सांगा.

बालमित्रांनो, आता मर्सीच्या धक्क्यावर येऊ. समोर फेरीबोट उभी आहे. धक्क्यावर चौघांचे पुतळे आहेत, २०१५ साली बसवलेले. मोठ्या चौथऱ्यावर उंच उभे नाहीत. लांब कोट घालून नदीकाठानं चालत निघालेत, जणू घरी जेवायला चाललेत. कुणीही जवळ जाऊन त्यांच्या बरोबरीनं उभं राहावं.

घरी पोचलात, की एक अभ्यास करा. तुमचं सर्वांत आवडतं गाणं लावा आणि या वेळी त्याबरोबर गाऊ नका, नाचूही नका. नुसतं ऐका. त्यात किती वाद्यं आहेत? मागं हळूच सूर धरणारा कोण आहे? ते गाणं लिहिलं कुणी, वाजवलं कुणी? सगळी नावं शोधून काढा आणि वहीत उतरवा, आणि या वेळी पहिल्या पानावर बरं का! निदान एक नाव तरी तुम्हाला आजवर ठाऊक नसलेलं सापडेल. सापडलं, की मला पत्रानं जरूर कळवा.